कर्फ्यू या शब्दाची हकीकत

सर्व सुजाण वाचकांस नम्रपणे जाहीर करण्यात येते की, पुढील पानांमध्ये एका इंग्रजी शब्दाचा अर्थ, त्याचे मूळ आणि त्यापायी वैशाखातील एका दिवशी आमच्या गावी जे घडले, त्याची हकीकत क्रमवार सांगण्यात येईल. शब्द सर्वांच्या परिचयाचा आहे. मूळ अर्थ मात्र थोड्यांनाच ठाऊक असावा. सांगणारा इसम इयत्ता सहावीपर्यंत शिकलेला असल्याने लेखनात दोष आढळल्यास ते पोटात घालावेत. हकीकतीत दोष नाही. ती जशी घडली तशीच आहे.

"नागनाथ! ए नागनाथ! थांब जरा."

ही हाक खासनीस सरांची होती. खिडकीच्या गजांमागे त्यांचा चष्मा आणि पांढऱ्या मिशा एवढेच दिसत होते. सकाळचे नऊ वाजले होते, परंतु रस्त्यावर माणूस नव्हते. साल एकोणीसशे एक्क्याऐंशी. वरची पेठ आणि खालची पेठ यांच्यात मिरवणुकीच्या रस्त्यावरून दगडफेक होऊन दोन इसम प्राणास मुकले होते व गावात कर्फ्यू लागून तिसरा दिवस उजाडला होता. मी नगरपालिकेत पुकारा करणारा शिपाई होतो. हातात बॅटरीवरचा कर्णा, संगतीला हवालदार जगदाळे, अशी आमची फेरी चालू होती.

"सर, खिडकी लावून घ्या. हुकूम आहे," मी म्हणालो.

"तुझाच हुकूम ऐकतोय तीन दिवस. कर्फ्यू, कर्फ्यू म्हणून घसा फोडतोयस. म्हणजे काय रे?"

"संचारबंदी, सर. घराबाहेर पडण्यास सक्त मनाई."

"हा सरकारचा अर्थ झाला. शब्दाचा अर्थ सांग."

जगदाळे वैतागून म्हणाले, "मास्तर, इथं दिसताक्षणी गोळीचा हुकूम हाय, आन् तुमी परीक्षा घेताय व्हय?"

"जगदाळे, माझ्याच वर्गात इंग्रजीत दोनदा गचकलात म्हणून तुम्हाला ही टोपी मिळाली. ऐका गुपचूप."

हवालदारांना हसू आले. तीन दिवसांत मी त्यांना प्रथमच हसताना पाहिले.

मग सरांनी सांगितले ते असे. शेकडो वर्षांपूर्वी फ्रान्स देशात घरे लाकडाची आणि छपरे गवताची असत. घराच्या मध्यभागी चूल धगधगत असे. निजलेल्या घरात एक ठिणगी उडाली तर सारे गाव बेचिराख होई. म्हणून संध्याकाळी गावात एक घंटा वाजवीत. ती वाजली की प्रत्येकाने आपापला विस्तव झाकून आत राहायचे. त्यांच्या भाषेत 'कुव्र' म्हणजे झाक आणि 'फ' म्हणजे विस्तव. इंग्रजांनी तो शब्द उचलला, घासून घासून त्याचा कर्फ्यू केला. विलायतेत तर विस्तवावर पालथे घालायचे पितळेचे झाकण असे, त्यालाही कर्फ्यूच म्हणत.

"म्हणजे आमची आई राखेखाली निखारा झाकते, तसेच?" मी विचारले.

"अगदी तसंच. तुझी आई रोज कर्फ्यू लावते, फक्त कर्णा नाही तिच्याकडे." सर हसले आणि लगेच गंभीर झाले. "पण ध्यानात घे, ते लोक विझवा म्हणत नव्हते. झाका म्हणत होते. सकाळी फुंकर घातली की पुन्हा पेटला पाहिजे ना! या गावाचंही तेच चाललंय. वरून राख, आत…"

"चला हो पंडित," जगदाळ्यांनी माझी बाही ओढली.

वाचकहो, त्या वेळी मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगता येणार नाही. नगरपालिकेच्या वाचनालयातली कपाटे मी पुसत असे. पुसता पुसता पुस्तके उघडून वाचीत असे. शहाण्या माणसांसारखे बोलता यावे, एवढी एकच हौस मला होती. आणि आज मला असे काही कळले होते, जे साऱ्या गावात सरांखेरीज कोणालाच ठाऊक नव्हते.

चौकीवर पोहोचलो तो फौजदार साहेब दारातच उभे होते. त्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळे पडली होती.

"तो धूर दिसतोय का?" दोन्ही पेठांच्या शिवेवर एक बारीक निळसर रेघ वर चढत होती. "वरच्या पेठेतून दोन निरोप आले, तिथं तेल उकळतायत म्हणून. खालच्या पेठेतून आला, बाँब करतायत म्हणून. कोणाची भट्टी ती?"

"केसरबाई भडभुंजीण, साहेब," मी म्हणालो. "फुटाणे, मुरमुरे भाजते. एकटी विधवा बाई आहे."

"ते मला नका सांगू. विझवा आणि लेखी अहवाल द्या. बाईला वरच्या पेठेत तिच्या दिराकडे नेऊन घाला, शिवेवर एकटी नको. आणि ऐका, आजचा दिवस सुखाने गेला तर उद्या सकाळी कर्फ्यू उठवतोय. कलेक्टरांशी बोलणं झालंय. आजचा एक दिवस फक्त. धूर, दगड, अफवा, काही नको आहे मला आज."

उद्या कर्फ्यू उठणार! चाळीस हजार माणसे तीन दिवस दाराआड होती. घराघरांतले पीठ संपले होते. लहान मुलांना दूध नव्हते. ही वार्ता उद्या माझ्याच तोंडून गावाला मिळणार, या विचाराने मी भरभर चालू लागलो.

केसरबाईने दार अर्ध्यातच उघडले. आत भट्टीवर काळी कढई होती, कढईत वाळू. कोपऱ्यात जळणाच्या तुरकाट्यांचा भारा आणि लाकडी भुशाची पोती रचलेली. मागच्या बाजूला कमरेएवढीच भिंत, वर सारे उघडे, आणि भिंतीपलीकडे बुरुडांचे अंगण.

"विझवू?" ती माझ्याकडे पाहत राहिली. "भैया, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? ही आग माझ्या सासूने तिच्या सासूकडून घेतली. सासऱ्यांच्या बापाने हंडीत निखारे घालून बैलगाडीतून आणली ती, तेव्हापासून एक दिवस बुझली नाही. नवरा गेला त्या दिवशीसुद्धा याच आगीतला निखारा पुढे नेला."

"सरकारी हुकूम आहे, मावशी."

"सरकारला सांग, आमच्यात आग बुझवली की जातीचे पंच बसतात. दंड, पंगत, आणि नवी आग आणायला पुन्हा मोठ्या घराच्या दारात तोंड घेऊन उभं राहायचं. एकट्या बाईला कोण देईल? मुरमुऱ्यावर पोट आहे माझं." ती खाली बसली. "धूर नको ना त्यांना? झाकते मी. रोज रात्री झाकते तशी. राख, वर लोखंडी घमेलं पालथं. एवढासुद्धा धूर येणार नाही."

जगदाळे म्हणाले, "बाई, साहेबांनी विझवायला सांगितलंय."

आणि येथे मी तोंड उघडले. माझे शब्द मला आजही जसेच्या तसे आठवतात. मी म्हणालो, "हवालदार साहेब, कर्फ्यू या शब्दाचा मूळ अर्थच मुळी विस्तव झाकणे असा आहे. आत्ताच आपण दोघांनी ऐकले. तेव्हा झाकला म्हणजे कर्फ्यू पाळलाच की!"

जगदाळे मोठ्याने हसले. "आयला, मास्तरांचा खरा चेला! झाका बाई, झाका. धूर दिसला न्हाई म्हंजे झालं."

केसरबाईने दोन्ही हातांनी राख ओढली. एखाद्या तान्ह्या पोरावर पांघरूण घालावे तशी, कडेकडेने दाबून. घमेले पालथे घातले. धूर थांबला. मग ती माझ्याकडे वळली.

"झाकलेल्या आगीपाशी माणूस लागतो, भैया. ती आत जागी असते. वाऱ्याने राख सरली की तोंड काढते. मी दुपारी दोनदा चाचपते. आता मला तिकडे नेताय."

"मी येईन. तीन वाजता येऊन चाचपीन."

"नक्की? भाऊ म्हणून सांगते."

"भाऊ म्हणूनच येईन."

तिने किल्ली माझ्या हातावर ठेवली.

चौकीवर जगदाळ्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "तुझं अक्षर बरं हाय. लिही. भट्टीचा विस्तव विझविला. खाली तुझी सही."

"झाकला असे लिहू ना?"

"आन् साहेबांनी इचारलं, झाकला म्हंजे काय? मग काय फ्रान्स देश सांगत बसनार व्हय? लिही विझविला."

मी लिहिले. वळणदार अक्षरात लिहिले आणि सही केली.

एक वाजता फेरी संपली. मी नगरपालिकेत आलो. वाचनालयाची किल्ली माझ्याकडेच असे. दार लावून आत बसलो. उद्याचा पुकारा मला करायचा होता आणि तो साधासुधा करायचा नाही, हे मी ठरविले होते. कपाटातून मोठा शब्दकोश काढला. कोरा कागद घेतला. 'नागरिक बंधुभगिनींनो, आज मंगल प्रभाती आपणांस कळविण्यास हर्ष होतो' असे लिहिले. हर्ष बरा की आनंद, यावर पुष्कळ वेळ घालविला. शांतता, सौहार्द, सामंजस्य या तीन शब्दांतून एक निवडायचा होता. बाहेर वारा सुटल्याचे मला ऐकू येत होते. खिडकीची झडप आपटत होती. मी उठून तिला कागदाची घडी लावली आणि पुन्हा येऊन बसलो.

घड्याळात तीन वाजलेले मी पाहिले. हेही लिहितो. पाहिले, आणि एवढे वाक्य पुरे करून जाऊ असे मनाशी म्हणालो.

पावणेचार वाजता करपट वास आला.

मी धावलो. रस्ता मोकळा होता. धूर आता निळा नव्हता, काळा होता आणि त्याच्या पोटात तांबडे दिसत होते. मी कर्ण्यातून ओरडलो, "आग! पाणी घेऊन बाहेर या! आग!" दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून डोळे दिसत होते. एकही कडी निघाली नाही. आणि कशी निघावी? बाहेर पडाल तर गोळी घातली जाईल, हे तीन दिवस याच कर्ण्यातून, याच आवाजात मीच सांगितले होते.

कुलूप काढून आत शिरलो तो आत आधीच एक माणूस होता. मागच्या भिंतीपलीकडचा बाळकू बुरूड. पंचविशीचा, काटकुळा. त्याच्या हातात रॉकेलचा जुना डबा होता. आमच्याकडे घरोघर पाणी भरायला तेच डबे वापरतात. तो पाणी भुशावर ओतीत होता.

"दादा, तुरकाट्या वढा बाहीर! माझ्या अंगणात बांबू हाईत, वाळल्याले. हितनं तिकडं गेली तर आमची आळीच जाईल!"

मी भारा ओढला. घमेले उलटून बाजूला पडले होते. राख अशी विस्कटली होती जशी कोणी फुंकून उडवावी. मला सारे समजले. बाळकू पुन्हा भिंतीवरून गेला, डबा भरून आला, पुन्हा गेला. त्याच्या मनगटापर्यंत फोड उठले होते. शेजारची दोन दुकाने पेटली, परंतु बुरुडांच्या बाजूला आग गेली नाही. त्या माणसाने ती जाऊ दिली नाही.

मग शिट्ट्या वाजल्या. चार शिपाई आणि मागोमाग फौजदार साहेब आले. शिपायांनी बाळकूची मानगूट धरली तेव्हा तो चौथा डबा घेऊन भिंतीवर चढलेला होता.

"खालच्या पेठेचा आहे," एकजण म्हणाला. "हातात रॉकेलचा डबा, साहेब!"

"पानी हाय त्यात, पानी! वास घ्या की! दादा, सांगा की यांना!"

फौजदार साहेब माझ्याकडे वळले. आवाज अगदी हळू होता. "हा आत आधी होता, की तू आधी आलास?"

"तो आधी, साहेब. पण तो विझवीत…"

"थांब. सकाळचा अहवाल माझ्या टेबलावर आहे. तुझ्या सहीचा. भट्टीचा विस्तव विझविला. मग विझलेल्या भट्टीला आग कुठून आली?"

जगदाळे मागे उभे होते. ते जमिनीकडे पाहत होते.

"साहेब, वारा होता…"

"वाऱ्याने विझलेला विस्तव पेटतो?"

माझ्या नोकरीचे कायम होण्याचे कागद त्याच महिन्यात वर गेले होते. घरी आई होती, बायको होती, पाळण्यात मुलगी होती. ही कारणे आहेत. यांतले एकही त्या क्षणी माझ्या मनात नव्हते. मनात एवढेच होते की, झाकला आणि विझविला यांतला फरक मला ठाऊक असूनही मी खोटे लिहिले, हे आता सर्वांना कळेल आणि सर्वजण हसतील.

"नाही, साहेब," मी म्हणालो.

बाळकूने माझ्याकडे पाहिले. त्याला राग आलेला नव्हता. त्याला कळतच नव्हते. मी पुढे काहीतरी बोलेन म्हणून तो थांबला होता. शिपायांनी त्याला ओढीत नेले तरी तो मान वळवून थांबलेलाच होता.

साडेपाच वाजता साहेबांनी कागद दिला. सही होती, शिक्का होता. 'शिवेवरील आग समाजकंटकाने हेतुपुरस्सर लावली असून त्यास रंगेहाथ पकडण्यात आले आहे. कर्फ्यू पुढील आदेशापर्यंत चालू राहील.' जगदाळे फेरीला माझ्यासंगे आले नाहीत. डोके दुखते म्हणाले.

खासनीस सरांच्या खिडकीखालून गेलो तेव्हा त्यांनी हाक मारली. "नागनाथ, सकाळी भट्टीचा धूर थांबला, तेव्हा ती झाकली होती की विझवली होती रे?" मी थांबलो नाही. पुन्हा हाक आली नाही. खिडकी लागल्याचा आवाज आला.

चौकात उभा राहून मी तो कागद वाचला. खणखणीत वाचला, कारण तेच माझे काम होते आणि ते मला चांगले येत होते. 'हेतुपुरस्सर' हा शब्द अवघड असतो. तो मी न अडखळता उच्चारला. वाचून झाल्यावर वरच्या पेठेच्या बाजूने एक शिट्टी ऐकू आली, मग दुसरी. मग दारांच्या कड्या निघू लागल्या. पाणी घेऊन या म्हटले तेव्हा ज्या निघाल्या नव्हत्या, त्या सर्व निघाल्या.

दिवेलागणीला बुरूडआळी पेटली. अकरा घरे जळाली. बाळकूने दुपारी जे वाचविले होते ते सारे गेले. बाळकूचे वडील चालू शकत नव्हते, ते घरातच राहिले. कर्फ्यू पुढे नऊ दिवस होता.

दहाव्या दिवशी केसरबाई आली. दुकानाच्या जागी बसून तिने राखेत हात फिरवला. कुठे किती जळाले आहे, भिंत कुठून काळी झाली आहे, हे तिने पाहिले. आगीबरोबर जन्म काढलेल्या बाईला काही सांगावे लागले नाही. मी समोर उभा होतो. तिने हात झटकले, पदराला पुसले आणि एवढेच म्हणाली, "किल्ली दे, भैया." कुलूप लावायला दार राहिले नव्हते. तरी तिने किल्ली मागून घेतली, आणि त्याच आठवड्यात ती गाव सोडून गेली.

खटल्यात माझी साक्ष झाली. वकिलांनी अहवाल दाखवला. अक्षर माझे आहे का, होय. सही माझी आहे का, होय. मजकूर खरा आहे का? कोर्टात पंखा फिरत होता. बाळकू पिंजऱ्यात उभा होता, हातांवरचे डाग पांढरे झाले होते. मी म्हणालो, होय. त्याला चार वर्षे सक्तमजुरी झाली.

सुटून आल्यावर तो पुन्हा सुपे, टोपल्या विणू लागला. बाजारच्या दिवशी नगरपालिकेच्या भिंतीला टेकून बसे. मी दुसऱ्या दाराने जात असे. एकदा मात्र समोरासमोर आलो. तो उठून उभा राहिला. मला वाटले, आता मारील. मारले असते तर बरे झाले असते.

"दादा," तो म्हणाला, "तुमाला त्या दिवशी धुरानं काय दिसलंच नसंल. मी लई इचार केला आतमधी. तुमाला दिसलं असतं तर तुमी सांगितलंच असतं."

मी मान हलविली. होय म्हणून हलविली.

"मग ऱ्हाऊ द्या," असे म्हणून त्याने घरी न्यायला एक सूप माझ्या हातात ठेवले आणि पैसे घेतले नाहीत.

पुढे तीस वर्षे तो मला दिसला की हात वर करून नमस्कार करीत असे. मी कायम झालो, निवृत्त झालो. खासनीस सर वारले, जगदाळे वारले. गेल्या माघ महिन्यात बाळकूही वारला. त्याच्या मयतीला मी गेलो होतो. तेथे एका पोराने आपल्या मित्राला हळूच विचारले, "मोठ्या दंग्यातली आग लावली ती यानंच ना रे?" आणि मित्र म्हणाला, "हां, यानंच."

म्हणून आज, या वयात, कोणाचाही हुकूम नसताना जाहीर करीत आहे, ते लहानथोर सर्वांनी ऐकावे. बाळकू बुरूड याने आग लावली नाही. त्याने ती विझविली. आग झाकलेल्या विस्तवातून लागली. तो विस्तव मी झाकू दिला, पाहायला गेलो नाही, आणि विझविला असे लिहून दिले. हे तो जिवंत असताना सांगावयास हवे होते. सांगितले नाही.

इतका वेळ देऊन वाचल्याबद्दल सर्व वाचकांचा अत्यंत आभारी आहे.

आपला,
नागनाथ बापू हिंगमिरे